सालपटांचे शिरस्तेदार

शिरस्तेदारांच्या परसात उकिरडा नव्हता. अमरावतीत त्या काळी घरामागचा उकिरडा हे घर खातंपितं असल्याचं लक्षण मानत. ज्याचा उकिरडा मोठा तो माणूस मोठा, असा सरळ हिशेब होता. शिरस्तेदारांच्या परसात मात्र एक विहीर, एक गोडलिंबाचं झाड आणि उन्हात मांडून ठेवलेली सुपं. सुपांत काय वाळतं आहे हे पाहुण्यांनी विचारू नये, असा अलिखित नियम होता. गल्लीतल्या मोकाट गाई त्यांच्या दारावरून मान न वळवता पुढे जात. गाईंना जे आधीच कळलं होतं, ते कळायला मला एक जेवण खर्ची घालावं लागलं.

मी पुण्याकडचा. अमरावतीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली आणि शिरस्तेदारांच्या घराची रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली. पहिल्याच रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पानात वरण, भात, पोळी, कढी होती आणि डाव्या बाजूला तीन चटण्या. एक हिरवी, एक काळपट, आणि तिसरी अशा रंगाची की त्या रंगाला मराठीत नाव नाही.

"ही कशाची?" मी विचारलं.

"आधी जेवा, मास्तर. मंग सांगतो. सुनावनीच्या आधी निकाल मागत नाईत."

चटण्या चांगल्या होत्या. हे मी नाइलाजाने लिहितो आहे, कारण पुढे त्या माणसाबद्दल बरंच वाकडं लिहायचं आहे. हात धुतल्यावर त्यांनी खुलासा केला: हिरवी दोडक्याच्या शिरांची, काळपट दुधीच्या सालीची, आणि तिसरी संत्र्याच्या सालीची, गूळ घालून. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझ्या पानाच्या कडेकडे बोट दाखवलं.

"अन् ते गोडलिंबाचं पान काय आरोपी होय? काहून बाजूले बसवलं त्याले?"

पुण्यात आम्ही ज्याला कढीपत्ता म्हणतो त्याला वऱ्हाडात गोडलिंब म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. ते उचलून खाल्ल्याशिवाय या घरातून सुटका नाही, हेही कळलं.

शिरस्तेदार म्हणजे कचेरीतल्या कारकुनांचा वरचा माणूस. त्यांची सगळी नोकरी अकोल्याला एका मॅजिस्ट्रेटच्या इजलासात, म्हणजे कोर्टात, गेली. मॅजिस्ट्रेट येत आणि बदलून जात, शिरस्तेदार तिथेच. साहेबांचे निकाल आपणच तयार करत होतो आणि साहेब फक्त सही करत, असं ते सांगत. अर्थात मला आजवर भेटलेला प्रत्येक शिरस्तेदार हेच सांगत आला आहे. उंच, सडसडीत, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि आवाज असा की शेजारच्या घरातला माणूस आपलं नाव पुकारलं की काय म्हणून उठून उभा राहावा. जन्मभर न्यायाधीशाच्या खाली बसल्यामुळे पेन्शन मिळताच त्यांना न्यायाधीश व्हायची घाई झाली होती. माणसं हाती येईनात, म्हणून त्यांनी भाज्यांवर काम सुरू केलं.

ते काम रोज सकाळी चाले. पत्नी पूर्वीच वारली होती. घर त्यांची थोरली विधवा बहीण मथुराक्का आणि मुलगी इंदू सांभाळत. आक्का विळीवर भाजी चिरत, आणि साल निघाली की ती थेट शिरस्तेदारांसमोरच्या सुपात जाई. ते पाटावर बसलेले असत.

"मुलजिम हाजर करा."

"हाजर आहे," आक्का म्हणत. "अन् चुलीवर दूध उतू जाऊन राहिलं, त्याचा खटला कोन चालवन?"

पण खटला रीतसर चालेच. साल उजेडात धरून पाहायची, नखाने खरवडायची, चावायची, डोळे मिटायचे. मग हुकूम. काही सालींना कढई, काहींना ऊन, आणि ज्यांची मुळीच बाजू नाही त्यांना गाय. गाय ही शेवटची शिक्षा, आणि ती द्यायला त्यांचा हात कचरे. फुलकोबीचे दांडे, मुळ्याचा पाला, टरबुजाचा पांढरा भाग, कोहळ्याच्या बिया, तूप कढवल्यावर भांड्याला चिकटलेली बेरी, सगळे त्यांच्या कोर्टातून निर्दोष सुटले होते. शिळ्या भाकरीला तर ते आरोपी मानतच नसत, ती साक्षीदार.

कोणी नाक मुरडलं की ते आपली नजीर काढत. नजीर म्हणजे वरच्या कोर्टाचा जुना निकाल, ज्यापुढे वकिलाचं तोंड बंद होतं. त्यांची नजीर एकच होती: कटाची आमटी.

"पुरणाची डाळ शिजवली. वरचं पानी काढलं. ते पानी काय होय? फेकायचं होय न? मंग सनासुदीले तेच पानी फोडनी देऊन वाट्या वाट्या काहून पिता? ज्या बाईनं पयल्यांदा ते फेकलं नाई, तिचं नाव कोनाले ठाऊक नाई. अन् तुमी मले हसता!"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. मी शोधून पाहिलं.

याचा अर्थ शिरस्तेदारांचे सगळे निकाल बरोबर होते असा नाही. पपईच्या बियांची आमटी हा त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग होता. ती त्यांनी मला आग्रहाने वाढली, स्वतः डोळे न मिटता प्याले आणि म्हणाले, "तिखट आहे, पन बोलते." माझ्याशी ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलत होती. आक्कांनी अपील केलं, म्हणजे पातेलं उचलून शेजारच्या गाईपुढे नेऊन ओतलं. गाईने हुंगलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. वरच्या कोर्टाने निकाल फिरवल्याचं शिरस्तेदारांनी मुकाट्याने मान्य केलं.

एकदा मी त्यांना विचारलं, हे सगळं कशासाठी? गरिबी नव्हती. धर्माचं त्यांना फारसं पडलं नव्हतं, आणि देशभक्तीचं नाव काढलं की ते सरकारी पेन्शनरासारखे इकडेतिकडे पाहत. ते म्हणाले, "सारी उमर लोकं ऐकून न घेता आत गेलेली पाहिली, मास्तर. आता हातात सूप आहे. इथं तं कोनी ऐकल्याबिगर जानार नाई."

मी त्या रात्री बराच वेळ या वाक्याचा विचार करत पडलो. सकाळी ते आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मागच्या भाडेकरूलेबी हेच सांगे. काही नाई, लहानपनापासून हावरा आहे तो. आईनं खरवडलेलं भांडं पुन्हा खरवडे."

दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात.

पुढे लढाई आली, धान्य महागलं, रेशन आलं, आणि ज्यांनी जन्मात कधी पानात काही ठेवताना मागेपुढे पाहिलं नव्हतं अशी मंडळी अन्न वाचवण्यावर भाषणं देऊ लागली. गावातल्या नाटकगृहात अशी एक सभा झाली. नागपूरचे कोणी अधिकारी, गावातले वकील, हार, तसबिरी. सभेच्या आधी पाहुण्यांना आतल्या बाजूला फराळ होता. शिरस्तेदारांची कीर्ती संयोजकांच्या कानावर होती, म्हणून आभार मानायला त्यांना ठेवलं होतं. कोणाची कल्पना होती कुणास ठाऊक. तो माणूस पुढे कधी संयोजक झाला नाही.

दीड तास काटकसरीवर व्याख्यान झाल्यावर शिरस्तेदार उठले. त्यांच्या हातात बशी होती. बशीत अर्धा लाडू.

"हा लाडू अध्यक्षसाहेबांच्या बशीत सापडला," ते आपल्या पुकाऱ्याच्या आवाजात म्हणाले. "याले बोलता येत नाई, म्हनून याच्या वतीनं मीच आपले सगळ्यांचे आभार मानतो." आणि लाडू तोंडात टाकून खाली बसले.

हसणारे पुष्कळ हसले. पण त्या हसण्याची किंमत घरात वेगळ्याच माणसाला द्यावी लागत होती. इंदू मॅट्रिक झालेली, दिसायला नीटस, बोलायला बापाची मुलगी. स्थळं येत, पाहत, आणि निरोप पाठवत. निरोपाचा सूर एकच: मुलगी चांगली आहे, पण आमच्या मुलाला सालं खायची सवय नाही. चांदूर बाजारच्या एका गृहस्थांनी तर मुलगी पाहायला येताना आपला डबा सोबत आणला होता. शिरस्तेदार यावर मोठ्याने हसत. इंदू हसत नसे. नंतर नंतर ती परसातली सुपं पाहुणे यायच्या आधी स्वतःच उचलून आत ठेवायला लागली.

मग अकोल्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील रावसाहेब. सरकारने दिलेली ही पदवी त्यांनी कपड्यांसारखी अंगात घातली होती. ती नसती तर त्यांना उघड्यावर बसल्यासारखं वाटलं असतं. कापसाची अडत, ऑनररी मॅजिस्ट्रेट, डोक्याला जरीचा लाल रुमाल, चांदीच्या मुठीची काठी. वऱ्हाडात जन्म जाऊनही ते पुस्तकी मराठीत बोलत आणि मधूनमधून थांबत, बहुधा ते कोणी लिहून घेतं आहे की नाही हे पाहायला. मुलगा मधुकर याच्या उलट. अबोल, जाडसर चष्मा, नुकताच वकील झालेला. मुलगी पाहायला आला तेव्हा इंदूने पाण्याचा पेला पुढे केला आणि तो म्हणाला, "तुमचे वडील ते लाडूवालेच ना? मी होतो सभेला. फार हसलो." एवढंच बोलला. इंदूला ते पुरलं.

साखरपुड्याच्या सकाळी मी ओसरीवर होतो, तेव्हा ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मले हे स्थळ पायजे."

शिरस्तेदारांनी चष्म्यावरून पाहिलं. असं मुलीने स्वतः सांगण्याची तेव्हा रीत नव्हती.

"आज सालं नाई. सुनावनी नाई. कोनाच्या पानाकडं पाहायचं नाई. मले जबान द्या."

"देल्ली," ते म्हणाले. "आज मी मुका."

आणि त्यांनी शब्द पाळला, बराच वेळ. बाहेरून आचारी आणला होता. त्याने दोडक्याच्या, भोपळ्याच्या साली विहिरीशेजारी ढिगाने टाकल्या. त्या घरातला तो पहिला उकिरडा. शिरस्तेदार त्याला वळसा घालून जाताना प्रेताला वळसा घातल्यासारखे जात होते, पण बोलले नाहीत. विधी झाले, साखर वाटली, पंगत बसली. पुरणपोळी, तुपाच्या वाट्या, पाटवड्या, भजी, कटाची आमटी. रावसाहेब मधोमध, शेजारी मधुकर. शिरस्तेदार स्वतः तूप वाढत होते आणि नजर तुपाच्या धारेवर बांधून ठेवल्यासारखी होती.

आता मोठ्या लोकांच्या जेवणाची आमच्याकडे एक पद्धत होती. पान स्वच्छ करून उठणं हे उपाशी घरचं लक्षण. आग्रह होऊ द्यायचा, पोळीवर पोळी पडू द्यायची, प्रत्येकीचा एक घास मोडायचा आणि उरलेलं तसंच ठेवून उठायचं, म्हणजे यजमानाचाही मान राहतो आणि आपलाही. रावसाहेब हे शास्त्र कोळून प्यालेले. त्यांच्या पानावर पुरणपोळ्यांची चवड, तुपात भिजलेली, प्रत्येकीचा एकेक लचका तोडलेला. त्यांनी ढेकर दिली, पेल्यातलं पाणी हातावर घेतलं आणि उठायला गुडघा वर केला. मुख्य पाहुणा उठला की पंगत उठते. त्याच्याबरोबर सगळ्यांचे गुडघे वर झाले.

"बसा, रावसाहेब. पान पुरं नाई झालं तुमचं."

आवाज तोच, इजलासातला. सगळी पंगत खाली बसली. रावसाहेबसुद्धा बसले, आणि आपण बसलो हे लक्षात आल्यावर त्यांचा चेहरा रुमालाच्या रंगाचा झाला. शिरस्तेदार तुपाचं भांडं हातात घेऊन उभे होते. आपल्या तोंडून काय गेलं हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. आतल्या दारात इंदू होती. तिने बापाकडे पाहिलंही नाही. ती मधुकरकडे पाहत होती.

"आपण हे मला उद्देशून बोललात?" रावसाहेब म्हणाले. "माझ्या पानाविषयी?"

यावर शिरस्तेदारांनी माफी मागायला हवी होती. आक्का मागून भावाच्या कानाशी कुजबुजत होत्या, "माग माफी, नाना, माग." माझी खात्री आहे, ते माफी मागणारच होते. फक्त त्यांची नजर त्या पोळ्यांवरून निघत नव्हती.

मधुकरने चष्मा नाकावर सारला. "बाबा, तुमचं झालं ना? मग मी घेतो. मला भूक आहे." आणि त्याने वडिलांचं पान आपल्याकडे ओढलं.

बापाचं उष्टं मुलाने खाल्लं तर त्यात कोणाला काही म्हणायला जागा नाही. त्याने खाली मान घालून खायला सुरुवात केली. एक पोळी, दुसरी, तिसरी. सगळी पंगत खरकटे हात अधांतरी धरून बसलेली, कोणी उठू शकत नाही. हातावरचं पुरण वाळत चाललेलं. एक म्हातारे गृहस्थ पेंगले. शेवटची पोळी संपवून त्याने बोटाने आमटीची वाटी निपटली, आणि मग सहज, कोणी न सांगता, पानाच्या कडेचं गोडलिंबाचं पान उचलून तोंडात टाकलं.

"झालं, बाबा," तो म्हणाला.

शिरस्तेदार भांडं तिथेच ठेवून परसात गेले. मी मागून गेलो तर ते विहिरीजवळच्या त्या ढिगाशी उकिडवे बसून एक दोडक्याची साल निवडत होते. म्हणाले, "मास्तर, पोरगं लायक आहे," आणि नाक शिंकरलं.

इंदूने मागाहून सांगितलं, की मधुकरला त्या दिवशी मुळीच भूक नव्हती आणि नंतर दोन दिवस त्याने ओवा आणि गरम पाण्याखेरीज काही घेतलं नाही.

रावसाहेब रुसले. लग्नात जानवशाच्या घरी ते तोंड फिरवून बसले. पण वरपक्षाचा रुसवा हा आमच्याकडे लग्नाचाच एक विधी असल्यामुळे, त्यातला रिवाजाचा किती आणि खरा किती हे भटजींनाही सांगता येईना. सगळ्यांनी त्यांची रीतसर समजूत काढली. ती निघाली नाही. लग्न लागलं. मुलगा ऐकत नाही म्हटल्यावर रावसाहेबांपुढे दुसरा इलाज नव्हता.

त्यांनी बदला मात्र घेतला, आणि तो वर्षानुवर्षं घेतला. शिरस्तेदार लेकीकडे अकोल्याला गेले की दोघे समोरासमोर जेवायला बसत. जेवण झालं की रावसाहेब आपल्या ताटात एक घास ठेवत. एकच, ताटाच्या बरोबर मध्ये. आणि व्याह्यांच्या डोळ्यांत डोळे घालून हात धूत. शिरस्तेदार काही बोलत नसत. मुलीच्या सासरी आहोत एवढं भान त्यांना होतं. अमरावतीला परतले की मात्र मला वृत्तांत देत. "या खेपेले बासुंदी ठेवली हो! बासुंदी! मानूस आहे का कोन होय?" इंदू सांगे, बाबा उठून जाताच मामंजी तो घास स्वतःच परत येऊन खातात. हे तिने बापाला कधी सांगितलं नाही. दोघांनाही जेवायला काहीतरी कारण हवं, असं तिचं म्हणणं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अकोल्यालाच. आक्का गेल्या होत्या, शिरस्तेदारांची तब्येत खचली होती, आणि इंदूने त्यांना आपल्याकडे आणून ठेवलं होतं. परीक्षेच्या कामासाठी मी गेलो होतो, तेव्हा पोळा नुकताच झालेला. इंदूने मला जेवायला ठेवून घेतलं. ओळीने पाट मांडले: मी, मधुकर, रावसाहेब आणि त्यांच्या शेजारी शिरस्तेदार, पाठीला उशी लावून. अंगावरचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. आवाज मात्र शिल्लक होता.

"मास्तर, इथं दुधीची सालं मोलकरीन घेऊन जाते, ठाऊक आहे?" ते म्हणाले. "म्हने तिले चटनी आवडते. मी शिकवली."

त्यांच्या ताटात मऊ भात आणि त्यावर कटाची आमटी होती. आदल्या दिवशीची, म्हणजे अधिक चांगली. त्यांनी चार-सहा घास घेतले. मग हात थांबला. पुन्हा एक घास उचलला, तोंडापर्यंत नेला, खाली ठेवला. इंदू वाढता वाढता थांबली. ताटात भात उरला होता, थोडासाच. ते त्याच्याकडे पाहत राहिले. मी त्या घरी आणि त्यांच्या घरी मिळून जेवढी जेवणं जेवलो, त्यांत त्यांच्या ताटात काही उरलेलं पाहिलं नव्हतं.

"जाऊ द्या, बाबा," इंदू म्हणाली. "राहू द्या."

त्यांनी मान हलवली, एक हात जमिनीवर टेकला आणि उठायचा प्रयत्न करू लागले. मधुकर त्यांना धरायला पुढे झाला.

"बसा, शिरस्तेदार," रावसाहेब म्हणाले. "पान पुरं नाई झालं तुमचं."

पुस्तकी मराठी कुठे गेली होती कोण जाणे. शिरस्तेदार खाली बसले. रावसाहेबांनी स्वतःचं रिकामं ताट बाजूला सारलं, व्याह्यांचं ताट आपल्यापुढे ओढलं आणि तो आमटीभात खाऊ लागले. मुलीच्या बापाचं उष्टं मुलाचा बाप खातो, हे मी त्यापूर्वी ऐकलंही नव्हतं आणि नंतरही नाही. इंदू पळी हातात धरून दारात उभी होती. रावसाहेब सावकाश खात होते, मान वर न करता. शिरस्तेदार त्यांच्या हाताकडे बघत होते, तसेच, जसे सकाळी सुपाकडे बघत.

ताट रिकामं झालं. रावसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला.

"रावसाहेब," शिरस्तेदार म्हणाले, "ते गोडलिंबाचं पान राहिलं."

रावसाहेबांनी पेला खाली ठेवला आणि ते खाल्लं.